बाळ सारखं उठतं, ते बरंच आहे: पहिल्या वर्षातली झोप

बाळंतिणीला बघायला आलेल्या बायका आधी दुधाचं विचारतात आणि मग झोपेचं. झोपू देणारं बाळ गुणी आणि दर दोन तासांनी उठणारं किरकिरं, असा हिशोब जळगाव-धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत घरोघरी मांडला जातो. मग बाळाने जास्त वेळ आणि जास्त गाढ झोपावं म्हणून उपाय सुरू होतात. कुणी पालथं टाकायला सांगतं, कुणी घट्ट बांधायला, कुणी झोळीत घालायला, कुणी गुटीत काहीतरी उगाळायला. यातले बरेच उपाय लागूही पडतात. बाळ खरंच गाढ झोपतं, आणि अडचण तिथेच आहे.

पहिल्या सहा महिन्यांत बाळाची सगळ्यात मोठी राखण करते ती त्याची जाग. नाकाशी कापड आलं, श्वास अडखळला, अंग तापलं, पोट रिकामं झालं की बाळ चाळवतं, मान वळवतं, रडतं. ज्या उपायाने ही जाग बोथट होते तो उपाय धोक्याचा, मग तो घरात चार पिढ्या चालत आलेला असो. हे एकदा लक्षात घेतलं की डॉक्टर किंवा आशाताई झोपेबद्दल सांगतात त्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्यांची कारणं आपोआप कळतात.

झोपेत बाळ काय काय करतं

मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं, तर नवजात बाळाचं ४० ते ६० मिनिटांचं. त्यातली जवळजवळ निम्मी झोप चळवळी असते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, हात झटकले जातात, मधेच कण्हल्यासारखा आवाज येतो. झोपेत हसू आलं की सटवाई हसवते म्हणतात, ते याच वेळी. श्वाससुद्धा एकसारखा नसतो. भराभर चालतो, पाच-दहा सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. पहिल्या काही महिन्यांत हे नेहमीचं आहे. श्वास २० सेकंदांहून जास्त थांबला, किंवा ओठ-जीभ निळसर, राखाडी दिसू लागली, तर मात्र ते नेहमीचं नाही. तेव्हा थेट दवाखाना.

इथे एक चूक सर्रास होते. बाळ कण्हलं, पाय झाडले की माय किंवा मोठी माय लगेच उचलून घेते. प्रत्यक्षात बाळ झोपेतच असतं आणि आपणच त्याला उठवतो. आवाज आला की एक-दोन मिनिटं थांबून नुसतं बघावं. बरीच बाळं हात-पाय झटकून पुढच्या आवर्तनात शिरतात. खरंच उठलेलं बाळ डोळे उघडतं, तोंड इकडेतिकडे वळवून छाती शोधतं, मूठ तोंडात घालतं. तेव्हा रडण्याची वाट न बघता घ्यावं.

किती झोप पुरेशी? पहिले तीन महिने चोवीस तासांत १४ ते १७ तास आणि चार ते अकरा महिन्यांत दिवसाच्या डुलक्या धरून १२ ते १६ तास, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला आहे. १४ आणि १७ मध्ये तीन तासांचं अंतर आहे, तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना करून काही हाती लागत नाही. बाळ पोटभर पितं का, पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करतं का, वजन वाढतं का आणि जागेपणी टवटवीत असतं का, एवढं बघायचं. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर वय प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा. दीड महिना आधी जन्मलेल्या चार महिन्यांच्या बाळाकडून अडीच महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची.

पहिल्या दोन आठवड्यांत मात्र जास्त झोप ही खुशीची गोष्ट नाही. जन्मानंतर बाळाचं वजन थोडं घटतं आणि १० ते १४ दिवसांत भरून येतं. तोवर दोन फीडमध्ये तीन तासांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. झोपाळू बाळाला उठवायचं तर दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा आणि उघडं करून आईच्या उघड्या छातीशी धरा. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कातडी पिवळी दिसते आणि बाळ प्यायलाही उठत नाही, असं झालं तर "शांत आहे बिचारं" म्हणून थांबू नका. वाढलेली कावीळ बाळाला सुस्त करते, आणि सुस्त बाळ कमी पितं म्हणून कावीळ आणखी वाढते.

रात्र कोणती, दिवस कोणता

पोटातल्या बाळाला आईच्या चालण्याफिरण्याने दिवसभर झोके मिळतात, म्हणून जन्मल्यावर बरीच बाळं दिवसा निजतात आणि रात्री दहाला टक्क जागी होतात. झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन बाळाच्या शरीरात नीट तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत ही शिकवणी उजेडाने द्यायची.

आपल्याकडे बाळंतिणीची खोली पडदे लावून, खिडक्या बंद करून अंधारी ठेवतात. रात्रंदिवस सारखाच अंधार असेल तर बाळाने फरक ओळखायचा कसा? सकाळी सातच्या सुमाराला खिडकी उघडा, बाळाला ओसरीवर किंवा दाराशी उजेडात घेऊन बसा. दिवसाची झोप घरातल्या नेहमीच्या आवाजात आणि उजेडात होऊ द्या. कुकरची शिट्टी वाजली म्हणून काही बिघडत नाही. रात्री उलट करायचं. शून्याचा बल्ब, हळू आवाज, मोबाईल बाजूला. पाजायचं, ढेकर काढायचा, शी केली असेल तरच लंगोट बदलायचा आणि पुन्हा ठेवायचं. रात्री दोनला बाळाशी खेळणारा बाप कितीही हौशी असला, तरी तो बाळाला चुकीचं वेळापत्रक शिकवत असतो. सहा ते आठ आठवड्यांत रात्रीच्या सलग झोपेचा एक टप्पा थोडा लांबायला लागतो. आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, तेव्हा रात्रीचं पाजणं झोपेच्या आड येत नाही.

पाठीवर, सपाट, टणक

बाळाला दर वेळी पाठीवर झोपवायचं, रात्रीही आणि दुपारीही. अमेरिकेत १९९४ मध्ये ही गोष्ट घरोघरी सांगायची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचं प्रमाण तिथे निम्म्याच्या आसपास आलं. हे मृत्यू एक ते चार महिन्यांत सर्वाधिक होतात, सहा महिन्यांनंतर विरळ. पालथ्या बाळाचं नाक अंथरुणात दबतं, सोडलेलीच हवा ते पुन्हा ओढतं, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याची झोप जास्त गाढ होते. घरच्यांना पालथं टाकलेलं बाळ "छान झोपलेलं" दिसतं ते याच कारणाने. कुशीवर ठेवलेलं बाळही सहज पालथं होतं, म्हणून कुशीवर टेकू देऊन ठेवणं हा मधला मार्ग नाही.

"पाठीवर झोपवलं आणि दूध उलटलं तर ठसका लागेल ना?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो रास्त आहे. उत्तर शरीराच्या रचनेत आहे. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर वर चढावं लागतं, त्यामुळे ते गिळलं जातं किंवा तोंडातून बाहेर पडतं. पालथ्या बाळात अन्ननलिका वर आणि श्वासनलिका खाली येते. पाजल्यावर १०-१५ मिनिटं खांद्याशी उभं धरलं तर दूध उलटण्याचंही प्रमाण कमी होतं. उशी लावून डोकं उंच करू नये, त्याने मान दुमडते.

आता अंथरूण. खानदेश कापसाचा मुलूख, त्यामुळे नातवासाठी ताज्या पिंजलेल्या कापसाची फुगीर गादी करून आणायची हौस असते. पहिलं वर्ष ती गादी माळ्यावर ठेवा. तळहाताने जोरात दाबून हात उचला. खड्डा तसाच राहिला तर गादी मऊ आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, ते अशा गादीत रुततं आणि मान वळवली की नाक कापसात. त्यापेक्षा जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर चापून घडी घातलेली एक जुनी गोधडी हे नव्या गादीपेक्षा कितीतरी चांगलं अंथरूण आहे. वरची चादर चारी बाजूंनी खाली खोचा. मेणकापड असेल तर ते चादरीखाली, ताणून. खताच्या रिकाम्या गोणीचं प्लास्टिक कापून अंथरायची सवय काही घरांत आहे. ते नाकाला चिकटतं, आणि गोणी कीटकनाशकाशेजारी ठेवलेली असेल तर विचारायलाच नको.

बाजेची गोष्ट वेगळी. विंचू-काट्याच्या भीतीने, पावसाळ्यात विशेष, जमिनीवर झोपवायला लोक धजत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण नायलॉनच्या पट्टीची बाज दोन-तीन महिन्यांत मधोमध झोळ धरते. आई झोपली की बाळ घरंगळत तिच्या अंगाखाली जातं. बाजेच्या कडेला रबरी चेंडू ठेवून बघा. तो मधे गेला तर पट्टी आवळून घ्या, किंवा बाजेवर लाकडी फळी अथवा प्लायवूड टाकून त्यावर गोधडी घाला. बाळ लोळायला लागलं की कडेला उशा रचून काम भागत नाही. एक तर ते उशीत तोंड खुपसतं, नाहीतर उशीसकट खाली येतं. तेव्हा कडं असलेली खाट हवी, किंवा मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचलेलं जमिनीवरचं अंथरूण.

अंथरुणात बाळाशिवाय काही नको. लोड, तक्क्या, मऊ खेळणी, जाड गोधडी, काही नाही. मोहरीची उशी डोकं गोल व्हावं म्हणून देतात. डोकं चपटं होऊ नये हा हेतू ठीक आहे, पण त्यासाठी उशी लागत नाही. एके दिवशी बाळाचं डोकं अंथरुणाच्या एका टोकाला ठेवा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला, म्हणजे दाराकडे किंवा दिव्याकडे बघायला ते मान दोन्ही बाजूंना वळवतं. आणि जागेपणी, कुणी समोर बसलेलं असताना, पालथं ठेवा. पहिल्या आठवड्यापासून दिवसातून दोन-तीन वेळा तीन ते पाच मिनिटं, सात आठवड्यांपर्यंत एकूण १५ ते ३० मिनिटं. डोकं गोल राहतं आणि मानही भरते. उशी फाटली तर मोहरीचे दाणे नाकात-कानात जातात, ती भानगड वेगळीच. गळ्यातला काळा दोरा, ताईत, वाघनख झोपताना काढून ठेवा. दृष्टीसाठी बांधायचंच असेल तर मनगटाला, तेही सैल.

माशा बसतात म्हणून तोंडावर पदर किंवा मलमल टाकणं, मोटारसायकलवर नेताना कुंची पार नाकापर्यंत ओढणं, हे दोन्ही बंद. माशा-डासांना मच्छरदाणी हेच उत्तर. अगरबत्तीसारखी जळणारी कॉइल बंद खोलीत रात्रभर लावली तर तिचा धूर बाळाच्याच छातीत जातो.

झोळी, पाळणा आणि बांधणं

झोळी वाईट नाही. रडणारं बाळ पाच मिनिटांत शांत करायला झोळीइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. पण झोळी शांत करण्यासाठी असते, रात्र काढण्यासाठी नाही. लुगड्याची झोळी ओंजळीसारखा आकार घेते. बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळाला ती उचलायची ताकद नसते. बारीक, मऊ श्वासनलिका दुमडली की श्वास हळूहळू कमी पडतो. ना आवाज, ना रडणं. म्हणून झोळीत असताना हनुवटी आणि छातीमध्ये दोन बोटं बसली पाहिजेत, दोन्ही बाजूंचं कापड तोंडावर मिटता कामा नये आणि मोठं माणूस जवळ हवं. झोप लागली की उचलून सपाट अंथरुणावर पाठीवर ठेवा.

झोळी खाली ठेवा, जमिनीपासून हातभर. आढ्याच्या कडीला बांधलेली गाठ रोज ओढून बघा. जुनं लुगडं दोरीच्या घासणीच्या जागी आधी विरतं, फाटतं तेही तिथेच. झोका द्यायची दोरी झोळीच्या आत लोंबू देऊ नका. मोठ्या भावंडाच्या हाती झोका सोपवून आई पाण्याला गेली आणि झोळी उलटली, असे अपघात होतात. बाळ पालथं पडू लागलं किंवा हाताला धरून उठू बघायला लागलं, म्हणजे साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, की झोळी आणि झुलता पाळणा दोन्ही संपले. पाळण्याच्या दांड्यांमधली फट सहा सेंटीमीटरपेक्षा मोठी नको. वरच्या चिमण्या-झुंबरं बाळाच्या हाताला लागायच्या आत काढा.

कापूस वेचणीच्या दिवसांत बांधावरच्या बाभळीला किंवा निंबाला झोळी टांगावी लागते, हे खरं आहे. ज्या शेतात नुकतीच फवारणी झाली तिथे बाळ न्यायचंच नाही. एरवी बाज किंवा फळी नेता येत असेल तर सावलीत ती टाकून छत्रीची मच्छरदाणी लावावी. झोळीच असेल तर बायकांनी पाळी लावून एकीने झोळीजवळच्या ओळी घ्याव्यात, म्हणजे नजर राहते. सावली सरकते, तेव्हा तासाभराने जागा बदलावी लागते.

न्हाऊ घातल्यावर बाळाला दुपट्यात बांधायची पद्धत पहिल्या दोन महिन्यांत उपयोगी आहे, कारण हात झटकले गेल्याने दचकून उठणं कमी होतं. छातीवर दुपट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. कमरेखाली कापड सैल ठेवा, पाय बेडकासारखे वर आणि बाहेर दुमडता यायला हवेत. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. सरळ पायांनी लवकर चालेल ही समजूत चुकीची आहे. बांधलेलं बाळ फक्त पाठीवर. लोळायची पहिली खटपट दिसली की बांधणं बंद, कारण बांधलेलं बाळ पालथं झालं तर हात नसल्याने परत फिरू शकत नाही.

आईच्या कुशीत

शास्त्रोक्त सल्ला असा की निदान सहा महिने बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर असावं. आपल्या घरांत बहुतेक बाळं आईच्या कुशीतच झोपतात आणि मध्यरात्री पाजताना आईचा डोळा लागतोच. तेव्हा नुसतं "नको" म्हणून सोडून देण्यापेक्षा कुठे अजिबात नको, ते पक्कं करावं. घरात कुणी दारू प्यायलेलं, कुणी बिडी-सिगारेट ओढणारं, कुणी झोपेचं किंवा गुंगीचं औषध घेतलेलं असेल तर बाळ त्यांच्या अंथरुणात नको. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल तर नको. अशा बाळाला आईच्या छातीशी उभं धरून ऊब द्यायची ती आई जागी असताना. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन झोपणं सगळ्यात धोक्याचं. डोळे मिटत असतील तर खुर्चीत बसून पाजण्यापेक्षा अंथरुणावर आडवं होऊन पाजलेलं बरं.

कुशीत घ्यायचंच तर बाळ आईच्या बाजूला, आई-बापाच्या मधे नाही. मोठं भावंड बाळाशेजारी नाही. आईची वाकळ तिच्या कमरेपर्यंतच, केस बांधलेले, पदर खोचलेला. याहून सोपी सोय म्हणजे आईच्या अंथरुणाला लागून हातभर अंतरावर बाळाची वेगळी घडीची गोधडी.

बेचाळीस अंशांत बाळ

भुसावळ-जळगावचा मे महिना कुणाला सांगायला नको. पारा ४२ ते ४५, आणि पत्र्याचं किंवा स्लॅबचं घर रात्री अकरापर्यंत भट्टी. जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं या बाबतीत सुखी. घरात गारवा असलेली खोली बाळाला द्या, ती बहुधा तळमजल्याची, पूर्व किंवा उत्तरेची असते. पत्र्यावर ओली गोणपाटं टाका. कूलर आपल्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण समोरची खिडकी उघडी ठेवून. खोली बंद केली तर नुसता दमटपणा साठतो. वारा थेट बाळावर नको. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा काढून टाकी घासा, नाहीतर डेंगीचे डास घरातच पोसले जातात. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी, तेव्हा पंखा. घरातली हवाच चाळिशीच्या वर असेल तर नुसता पंखा तापलेली हवा अंगावर ओततो. अशा वेळी ओल्या पंचाने अंग पुसून काढावं. एसी असेल तर २५-२६ अंशांवर.

अंगात एक पातळ मलमलचं झबलं आणि सुती लंगोट, बस. घरात टोपरं नको. बाळ डोक्यावाटे उष्णता टाकतं. बाळ तापलंय की गारठलंय हे हात-पायांवरून कळत नाही, ते बऱ्याचदा गारच असतात. मानेमागे आणि छातीवर हात लावून बघा. मान घामट, गरम असेल तर एक कपडा कमी.

सहा महिन्यांच्या आत पाणी नाही, उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ रात्री जास्त वेळा उठतं ते तहानेने, तेव्हा जास्त वेळा पाजा आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावं. लघवी कमी आणि गडद पिवळी, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल, अशी चिन्हं असतील तर दवाखाना.

थंडी धुळ्याच्या बाजूला आणि सातपुड्याच्या पायथ्याला चांगलीच पडते. तेव्हा जाड रजईऐवजी अंगात एकावर एक दोन-तीन पातळ कपडे. पेटत्या कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. तिच्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि त्याने येणारी गुंगी झोपेतल्या माणसाला जागं होऊ देत नाही. ओवा-शेपाच्या धुरीचा धूरही नाजूक श्वासनलिकांना सोसत नाही.

झोपेसाठी काही चाटवू नका

अफू किंवा अफूच्या बोंडाचं पाणी श्वास मंदावतं. किती मात्रेने झोप येईल आणि कितीने श्वास थांबेल, यातलं अंतर तान्ह्या बाळात फारच थोडं असतं. सर्दीचं पातळ औषध "त्याने झोपतो" म्हणून देणं त्याच जातीचं. अशा औषधांतल्या क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिन या जोडीवर चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये, असं छापायचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला आहे. गुटीत काय उगाळलंय हे कुणालाच नेमकं ठाऊक नसतं. मध वर्षाच्या आत नाही, बोटानेही नाही. त्यातल्या जिवाणूमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. चौथ्या महिन्यात पेज किंवा नाचणी चारली की रात्रभर झोपतं, ही समजूत सगळीकडे आहे. तसं होत नाही, आईचं दूध मात्र कमी प्यायलं जातं.

चौथा महिना आणि सासर

पहिली बाळंतपणं माहेरी होतात. सव्वा महिन्याने म्हणा, तीन महिन्यांनी म्हणा, बाळ सासरी येतं. आणि नेमकं त्याच सुमाराला, साधारण साडेतीन ते पाच महिन्यांत, बाळाच्या झोपेची घडणच बदलते. आवर्तनं मोठ्यांसारखी होऊ लागतात, प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी बाळ जवळजवळ पूर्ण जागं होतं आणि झोपताना जे होतं ते शोधतं. छातीशी झोपलं असेल तर छाती, झोक्यात झोपलं असेल तर झोका. तीन-तीन तास झोपणारं बाळ तासातासाला उठतं. मग सासरची हवा मानवली नाही, दृष्ट लागली, दूध आटलं, असे निष्कर्ष निघतात आणि सून-सासूत धुसफूस होते. यात कुणाचाच दोष नाही. दोन ते सहा आठवड्यांत हे बहुधा सावरतं, आणि सवय लावायला हीच वेळ योग्य असते.

सवय म्हणजे रोज त्याच क्रमाने तीन-चार गोष्टी, वीस-तीस मिनिटांत. अंग पुसणं किंवा हलकं तेल, सैल कपडे, पाजणं, दिवा बारीक, एकच अंगाई. मग बाळ पेंगत असताना, पूर्ण झोपायच्या आधी, अंथरुणावर ठेवायचं. कुरकुरलं तर छातीवर हात ठेवून थोपटा. रडलंच तर उचला, शांत करा, पुन्हा ठेवा. पहिले काही दिवस पाच-सहा वेळा उचलावं लागतं, आणि दर वेळी जमेलच असं नाही. दिवसातून एका झोपेलाच हे करून बघा, बहुतेकदा रात्रीची पहिली झोप सोपी जाते. बाळाला एकटं रडत ठेवायचे प्रयोग भरल्या घरात चालतही नाहीत. कुणीतरी पाचव्या मिनिटाला उचलणारच. त्याहून बाळाला गोंधळात टाकणारं म्हणजे पाच हातांच्या पाच तऱ्हा: आत्या झोका देते, आजोबा अंगणात फिरवतात, काका मोबाईल दाखवतो. झोपवायची एकच रीत ठरवा, माणसं बदलली तरी चालेल.

पेंग ओळखायला शिकलात की निम्मं काम झालं. नजर शून्यात जाणं, भुवया लालसर होणं, कान ओढणं या खुणा दिसल्या की ठेवायचं. जांभया देऊन रडायला लागलं म्हणजे वेळ टळली, थकलेलं बाळ जास्त कष्टाने झोपतं. सलग जागं राहण्याची ताकद पहिल्या महिन्यात पाऊण ते एक तास, तीन महिन्यांत दीड तास, सहा महिन्यांत दोन ते अडीच आणि वर्षाच्या सुमाराला तीन ते चार तास, असा अंदाज धरा.

सहा ते नऊ महिन्यांत दिवसाच्या तीन डुलक्यांच्या दोन होतात. संध्याकाळी पाचनंतरची डुलकी रात्रीच्या झोपेला खाते, ती आधी सोडवा. आठव्या महिन्याच्या आसपास आई दिसेनाशी झाली की बाळ घाबरतं, आणि धरून उभं राहायला शिकलेलं बाळ रात्री दोनला खाटेच्या कडेला उभं राहतं, पण बसता येत नाही म्हणून रडतं. दिवसा दहा-बारा वेळा उभ्याचं बसायला शिकवा, रात्रीचा तो कार्यक्रम आठवडाभरात आटोपतो. खाटेचा तळ त्याआधीच खाली करा. दातांवर मात्र सगळं ढकलू नये. दात येताना चार-दोन रात्री बिघडतात, महिनेच्या महिने नाही. वर्षाच्या आत एक-दोनदा पिण्यासाठी उठणं आईच्या दुधावरच्या बाळात चालतंच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेल्यावर किंवा लग्नसराईत घडी विस्कटते. घरी परतल्यावर तोच क्रम पुन्हा लावला की चार-पाच दिवसांत बसते.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त (दोन महिन्यांनंतर ५० पेक्षा जास्त), बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणं, उठवूनही न उठणं, पिणं सोडणं, झटके: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. सर्दी नसताना रोजच घोरणं असेल तर घाई नाही, पण बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, पुढे ३, ६, ९ आणि १२ व्या महिन्यात. त्यांना बाळाचं अंथरूण दाखवा, बाज आणि झोळीची गाठसुद्धा.

आणि आईची झोप. अर्धवट झोपेतली आई बाळासकट खुर्चीत पेंगते, तेव्हा हा बाळाच्याच सुरक्षिततेचा प्रश्न आहे. रात्री नऊचं पाजून झालं की एक-दीडपर्यंत ढेकर, लंगोट, थोपटणं हे सगळं बापाने किंवा सासूने करायचं आणि आईकडे बाळ फक्त पाजायला न्यायचं. भांडी, पाहुण्यांचा चहा आणि बाळाची दुपटी तिच्या जागरणात मोजली जात नाहीत. ती कामं घरातल्या इतरांची.